येणाऱ्या मुलांचे काय?

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेतून एक चकचकीत पत्रक घरी आले. गुळगुळीत कागद, चार रंगांची छपाई, मुखपृष्ठावर लंडनची लाल दुमजली बस आणि वर ठसठशीत अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक आदानप्रदान'. आठवी आणि नववीच्या मुलांसाठी बारा दिवस. खर्च माणशी ३ लाख ८० हजार रुपये, व्हिसाचे वेगळे. मी बँकेतला माणूस, त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की आधी मागची बाजू वाचतो. मागे बारीक अक्षरांत दिवसवार कार्यक्रम होता. मेणाचे पुतळे, राजवाडा, जादूगार पोराच्या सिनेमाचा स्टुडिओ, नदीतली बोट आणि सातव्या दिवशी सकाळी ९ ते १२ 'भागीदार शाळेला भेट'. मुक्काम सगळा हॉटेलात.

पालकसभेला मुलीबरोबर मीही गेलो. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्या बाई हुशार होत्या, बोलायला गोड होत्या. मी विचारले, ''त्या शाळेची मुले आपल्याकडे कधी येणार?'' त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ''आजोबा, सध्या इनबाउंड नाहीये.'' सभेत कोणी हसले नाही, कारण कोणाला त्यात काही खटकलेच नव्हते. नात मात्र माझ्याकडे अशी बघत होती, की आजोबांना आणले नसते तर बरे झाले असते.

अडतीस वर्षांच्या नोकरीतली नऊ वर्षे मी परकीय चलन विभागात काढली. तिथे पहिल्याच आठवड्यात दोन शब्द शिकवतात : नोस्ट्रो आणि व्होस्ट्रो. आपल्या बँकेचे परदेशी बँकेत असलेले खाते ते नोस्ट्रो, म्हणजे 'आमचे'. आणि परदेशी बँकेचे आपल्याकडे असलेले खाते ते व्होस्ट्रो, म्हणजे 'तुमचे'. पैसे दोन्हीकडून हलतात, म्हणून त्या व्यवहाराला एक्स्चेंज म्हणायचे. एकाच बाजूने रक्कम जात राहिली तर त्याला आम्ही सरळ 'रेमिटन्स' म्हणत असू. नातीच्या शाळेचे पत्रक हे रेमिटन्सचे होते. वर नाव मात्र दुसऱ्याच व्यवहाराचे छापले होते.

कोणी म्हणेल, सहलीला सहल म्हणा आणि विषय संपवा. तसा तो संपतही होता, पण मला त्या पत्रकामुळे आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट आठवली.

साल २०००, दिवाळीनंतरचे दिवस. माझी मुलगी तेव्हा नववीत. तिच्या शाळेत जर्मन शिकवत. पुण्यात ही गोष्ट नवलाची नाही, या शहराला जर्मनचे वेड जुने आहे. शाळेने जर्मनीतल्या एका शाळेशी पत्रव्यवहार करून चौदा मुलांची अदलाबदल ठरवली. अट एकच : त्यांची मुले आधी येतील, आपल्या घरांत तीन आठवडे राहतील, मग मे महिन्यात आपली मुले त्यांच्याकडे. आमचे घर कोथरूडला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसे पाच. आई, आम्ही दोघे, मुलगी आणि धाकटा मुलगा. पत्नीने यादी केली : नवी गादी, गीझरची दुरुस्ती, संडासात पितळी तांब्याऐवजी काय ठेवायचे. मी म्हणालो, नाही जमणार. मुलगी दोन दिवस जेवली नाही, आणि जमले.

आलेली मुलगी उंच, लाजाळू, चष्मा लावणारी. पहिल्या दिवशी शाळेत स्वागत झाले. आपल्याकडे पाहुण्यांना संस्कृती दाखवायची म्हणजे काय ते ठरलेले असते : गणेशवंदना, लेझीम, नऊवारीतल्या मुलींची लावणी (शाळेत चालेल अशी), शेवटी फेटे. मग शनिवारवाडा, सिंहगड, पिठलं-भाकरी. हे सगळे झाले. तिने फोटो काढले. हे तिला आज आठवत असेल की नाही, कोण जाणे.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिने आपण होऊन भांडी पुसायला घेतली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा एक कप होता, कान तुटलेला. तो ओट्याखालच्या कोनाड्यात पालथा असे. माझ्या लहानपणापासून प्रत्येक घरात असा एक कप मी पाहिलेला आहे, आणि खरे सांगायचे तर तो मला कधी दिसलेलाच नाही. त्या मुलीने तो पुसून वर फळीवर बाकीच्या कपांशेजारी ठेवला. आईने तो मुकाट्याने खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या मुलीला विचारले, हा कप कोणाचा आणि तो खाली का?

मुलगी उत्तर मागायला माझ्याकडे आली. मी सहकारी सोसायटीच्या बैठकीला लाजेल अशा गुळगुळीत इंग्रजीत सांगितले की, त्या बाईंना तोच कप आवडतो. त्या मुलीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच कपात स्वतःसाठी कोरा चहा ओतून पीत बसलेली. आईचा चेहरा मला अजून दिसतो. ती रागावली नव्हती, ती घाबरली होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपल्या स्वयंपाकघरात कोणीतरी परके आपला हिशेब तपासते आहे असे वाटले असावे. तेवढ्यात मावशी आल्या, त्यांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, ''अगं बाई, माझा कप कुठं घेतलास? तुमच्या त्या नखभर कपांत माझा चा मावत न्हाई.'' सगळे हसले. हसण्यात प्रश्न बुडाला, विरघळला नाही. त्या दिवसापासून तो कप फळीवर आला. वेगळा राहिला, पण वर आला. आई गेल्यावर केव्हातरी तो फुटला, आणि नवा वेगळा कप कोणी आणला नाही. एवढीच गोष्ट. यापेक्षा मोठी क्रांती आमच्या घरात झालेली नाही.

पुढच्या मे महिन्यात मुलगी तिकडे गेली. तिकिटासाठी मी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले. ते फिटायला दोन वर्षे लागली. गाव पूर्वीच्या पूर्व जर्मनीतले, वायमारपासून तासाभराच्या अंतरावर. यजमान कुटुंबातले वडील एका कारखान्यात होते. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर कारखाना बंद पडला, तेव्हापासून घरी. परदेशातसुद्धा बेकार वडील असतात, ते दुपारी खिडकीशी बसून असतात, हे माझ्या मुलीला पंधराव्या वर्षी कळले. कुठल्याही पत्रकात हे स्थळ दाखवलेले नसते.

वायमार हे गटेचे गाव. गावाबाहेरच्या टेकडीवर, आठेक किलोमीटरवर, बुखेनवाल्ड. नाझींची छळछावणी. शाळेने आपल्या मुलांबरोबर पाहुण्या मुलांनाही तिथे नेले. मुलीने परत आल्यावर मला विचारले, ''बाबा, ते आम्हाला हे दाखवायला का घेऊन गेले? आपण तर त्यांना फक्त चांगलं चांगलं दाखवलं.'' मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आपण जे दाखवायचे ठरवतो तो कार्यक्रम असतो. पाहुण्याला जे दिसते तो परिचय असतो. जर्मनांनी लाजेची जागा स्वतः दाखवली. आमची लाज पाहुणीने ओट्याखालून काढली.

आता जरा मागे जाऊ. शाळकरी मुलांना परक्या घरी ठेवायचे, ही कल्पना कोणा सहल कंपनीची नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ए. पायट अँड्र्यू या अमेरिकन गृहस्थांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना उचलून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका उभ्या केल्या. अमेरिकन फील्ड सर्व्हिस हे त्या पथकाचे नाव. दुसऱ्या महायुद्धातही ही माणसे रुग्णवाहिका हाकत होती. ते युद्ध संपल्यावर त्यांच्यासमोर प्रश्न पडला, की आता काय करायचे? दोनदा प्रेते आणि जखमी वाहिलेल्या या चालकांनी ठरवले, की आता शाळकरी मुले वाहायची. १९४७ साली दहा देशांतले ५२ विद्यार्थी वर्षभरासाठी अमेरिकन कुटुंबांत राहायला गेले. ए.एफ.एस. ही संस्था आज अनेक देशांत आहे, भारतातही आहे. मला यातले एक फार मोलाचे वाटते : यजमान कुटुंबाला पैसे नाहीत. ताटात एक पोळी जास्त करायची, एवढेच.

दुसरे उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचे. १८७०, १९१४, १९३९ : सत्तर वर्षांत तीन युद्धे. दुसरे महायुद्ध संपून अठराच वर्षे झाली होती, तेव्हा २२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसमध्ये द गॉल आणि आडेनावर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. आडेनावर तेव्हा ८७ वर्षांचे, द गॉल ७२ वर्षांचे. या दोन म्हाताऱ्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय उघडले. आजवर नव्वद लाखांहून अधिक मुले आणि तरुण त्यातून एकमेकांकडे जाऊन आले आहेत. बँकेतल्या माणसाला त्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की या कार्यालयाच्या निधीत दोन्ही सरकारे सारखा वाटा घालतात. कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. १९९१ साली जर्मनी आणि पोलंड यांनी याच धर्तीवर दुसरे कार्यालय काढायचे ठरवले. पोलंडने जर्मनीकडून काय सोसले ते आठवले, म्हणजे ही गोष्ट केवढी होती ते कळते.

मात्र इथे भावनेच्या भरात वाहून जायला नको. मुले एकमेकांकडे राहिली म्हणून युरोपात शांतता आली, असे कोणी सांगू लागले तर मी ते व्हाउचर पास करणार नाही. कोळसा आणि पोलाद यांचा सामायिक बाजार १९५१ च्या कराराने आधीच आला होता. रशियाची धास्ती दोघांनाही होती, डोक्यावर अमेरिकेची छत्री होती. मोठी माणसे आधी समजुतीला आली, मग मुलांना पाठवले गेले. क्रम हा असा आहे.

उलटे उदाहरणही आहे. सोव्हिएत संघ मोडल्यावर अमेरिकेने १९९२ साली कायदा करून तिकडच्या शाळकरी मुलांसाठी वर्षभराची योजना सुरू केली. हजारो रशियन मुले अमेरिकन घरांत राहून आली. २०१४ मध्ये, क्रिमियाच्या वर्षी, रशियाने त्यातून अंग काढून घेतले. पुढे २०२२ मध्ये युक्रेनवर काय कोसळले ते आपण पाहतोच आहोत. त्या योजनेत युक्रेनचीही मुले होती. कधीकाळी एकाच वर्षी, एकाच अमेरिकन राज्यात दूध-पोहे खाणारी दोन मुले आज खंदकाच्या दोन बाजूंना असणे अशक्य नाही. युद्ध थांबवण्याचे काम आपण पंधरा वर्षांच्या मुलांवर टाकावे का? ते मोठ्यांना जमले नाही, म्हणून पोरांच्या पाठीवर?

आपल्याकडे तर हे आणखी जवळून पाहता आले. २०१० साली दिल्लीची 'रूट्स टू रूट्स' आणि पाकिस्तानची 'सिटिझन्स आर्काइव्ह ऑफ पाकिस्तान' या संस्थांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांमध्ये पत्रव्यवहार सुरू केला. त्यात आपल्या मुंबईच्या शाळाही होत्या. मुले हाताने पत्रे लिहीत, घरचे फोटो पाठवत, आजी-आजोबांना फाळणीच्या आठवणी विचारून लिहून काढत. मला ही कल्पना विमानप्रवासापेक्षाही चांगली वाटते. पत्राला व्हिसा लागत नाही, असे आपण समजतो.

१ मे २०१७ रोजी लाहोरकडची सुमारे पन्नास मुले वाघा ओलांडून दिल्लीला आली. अकरा ते पंधरा वर्षांची. आग्र्याला ताजमहाल पाहायचा बेत होता. नेमक्या त्याच दिवशी पूंछमध्ये कृष्णा घाटीत आपल्या दोन जवानांच्या मृतदेहांची विटंबना झाली. ही वेळ अशा कार्यक्रमाची नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने संस्थेला कळवले आणि मुले ताजमहाल न पाहता परत गेली. त्या वेळी मी रागावून एक लेख लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता थांबलो, कारण त्या दोन घरांतली मुले डोळ्यांसमोर आली. बापाची शवपेटी दारात असताना दूरदर्शनवर पाहुण्यांचे फेटे दिसले असते तर त्यांना काय वाटले असते? सरकारने चूक केली असे मला आजही म्हणवत नाही. पण परतीच्या बसमधल्या बारा वर्षांच्या मुलाला आपण काय शिकवून पाठवले, हेही डोक्यातून जात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पत्रांचीही तीच गत झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताशी टपाल बंद केले, काही महिन्यांनी पत्रांपुरते सुरू केले. पुढे २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा, त्यांतले दोघे आमच्या पुण्याचे. ३ मे २०२५ रोजी भारताने पाकिस्तानकडून येणारे सर्व टपाल आणि पार्सले स्थगित केली. पत्रालाही व्हिसा लागतो, तो असा.

आणि ज्यांनी या कामाची सुरुवात केली त्या अमेरिकेत काय चालले आहे? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथल्या काँग्रेसने मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांना वर्षभर आपल्या घरी बोलवायची योजना काढली. केनेडी आणि लुगर या दोन सिनेटरांची नावे तिला आहेत. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. भारतातली मुलेही त्यातून गेली. घाव ताजा असताना दार उघडायला धैर्य लागते. २०२५ मध्ये मात्र त्याच देशाने फेब्रुवारीत अशा योजनांचा निधी काही काळ अडवला, मे अखेरीस विद्यार्थी आणि आदानप्रदान व्हिसांच्या नव्या मुलाखती थांबवल्या आणि जूनमध्ये त्या सुरू केल्या, त्या अर्जदाराने समाजमाध्यमावरची आपली खाती सर्वांना खुली ठेवावीत या अटीवर. पंधरा वर्षांच्या मुलाने काय लिहिले होते ते आता वकिलातीतला कारकून वाचणार. मी पंधराव्या वर्षी ज्या कविता लिहिल्या त्या कोणी वाचल्या असत्या तर मला भिवंडीलाही जाऊ दिले नसते.

आपल्याच देशात या प्रकारचे सर्वांत उत्तम काम चालते, आणि त्याची चर्चा शहरी मध्यमवर्गात जवळजवळ होत नाही. जवाहर नवोदय विद्यालये १९८६ पासून आहेत. बहुतेक मुले खेड्यातली, शिक्षण आणि राहणे फुकट. नववीच्या वर्गातली ३० टक्क्यांपर्यंत मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयमध्ये जातात, तिथली इकडे येतात. हिंदी मुलखातली बिगरहिंदी मुलखात, आणि उलट. पूर्ण वर्ष, बारा दिवस नव्हे. पत्रक नाही, लाल बस नाही. बँकेत माझ्या हाताखाली अशा शाळेत शिकलेला एक तरुण अधिकारी होता. कोणी ग्राहक चिडून तिसऱ्याच भाषेत बोलू लागला की सगळे इकडेतिकडे बघत, हा मात्र शांतपणे खुर्ची पुढे ओढी. परदेशाशी अशी अदलाबदल करायची तर पैसा लागेल हे खरे, पण नमुना शोधायला पॅरिसला जायची गरज नाही.

अडचणी आपल्याच बाजूला जास्त आहेत. वर्षभर मूल बाहेर पाठवायचे म्हटले की पहिला प्रश्न 'दहावीचं काय?'. आणि परदेशी मूल घरात घ्यायचे म्हटले की सगळ्यांची घरे अचानक लहान होतात. २००० साली दोन खोल्यांत सहावे माणूस मावले. आज तीन शयनगृहांच्या घरात मावत नाही, कारण प्रत्येक खोलीला एकच मालक असतो. शिवाय सुरक्षेचा प्रश्न आहे, तो खरा आहे. परक्या घरी मूल ठेवताना त्या घराची नीट चौकशी झालीच पाहिजे, आपल्या घराचीही कोणी केली तर राग मानायला नको. शाळांना ही जबाबदारी नको असते. हॉटेलची पावती मिळते, जबाबदारी हॉटेलवर जाते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ते सोयीचेच.

हे सारे मी घरी जेवताना बोललो. मुलगी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ''बाबा, तुमचं सगळं बरोबर. पण तुम्ही माझ्यासाठी कर्ज काढलंत, तेव्हा तो हिशेब कुठं बघितलात? तिला निदान विमानात तरी बसू दे. तीन तास का होईना, त्या शाळेत जाईल. एखादी मैत्रीण भेटेल.'' तिचेही खोटे नाही. ती आणि ती जर्मन मुलगी आज चाळिशीच्या आहेत आणि नाताळला एकमेकींना फोन करतात. नातीने तर माझ्याशी बोलणेच टाकले होते. 'आजोबांना काहीच आवडत नाही' हा तिचा निष्कर्ष मला आजीमार्फत कळला.

पहिला हप्ता मुलीने गेल्या शुक्रवारी भरला. त्याच दिवशी मी शाळेला एक पत्र दिले, मुख्याध्यापिकांच्या नावे, पोच घेऊन. आमच्या सोसायटीतली चार घरे, आमचे धरून, भागीदार शाळेतल्या चार मुलांना तीन आठवडे ठेवून घ्यायला तयार आहेत. जेवण, झोपणे, शाळेत नेणे-आणणे आमच्याकडे. चौकशीसाठी कोणीही केव्हाही यावे. चौथे घर मिळवायला मला दहा दिवस लागले. पत्नीने गीझरवाल्याला फोन करून ठेवला आहे. शाळेचे उत्तर अजून आलेले नाही.